चार्जरवर लाल लाइट आली की आधी अर्थिंग बघा

घरचा ईव्ही चार्जर चालेनासा झाला की पहिला फोन कंपनीला जातो, कंपनीचा माणूस येतो, डबा बघतो आणि म्हणतो बदलावा लागेल, आणि वॉरंटी संपलेली असेल तर आकडा ऐकून घरातले सगळे गप्प होतात. मी बडोद्यात इलेक्ट्रिकलची कामं करतो, कारेलीबाग, मांजलपूर, अकोटा, दांडिया बाजारातले जुने वाडे, सगळीकडे जाणं होतं, आणि माझं म्हणणं इतकंच आहे की पैसे घालवायच्या आधी बिघाड नक्की कुठे बसलाय ते शोधा, कारण बऱ्याच घरांत डबा ठीक असतो आणि गडबड त्याच्या मागे असते, अर्थिंगमध्ये, म्हणजे लीक झालेला करंट जमिनीत नेणाऱ्या वायरमध्ये, ढिल्या स्क्रूमध्ये, नाहीतर पुढे गाडीतच.

भिंतीवरचा डबा बॅटरी चार्ज करत नाही हे आधी लक्षात घ्या. घरातून एसी करंट येतो, बॅटरीला डीसी लागतो, आणि ते बदलून देणारं मशीन गाडीच्या आत असतं, ऑनबोर्ड चार्जर म्हणतात त्याला. भिंतीवरच्या डब्याचं काम रखवालदाराचं, अर्थिंग आहे का, व्होल्टेज बरोबर आहे का, करंट लीक होतोय का, गाडी नीट जोडलीय का हे बघायचं आणि सगळं ठीक असेल तरच आतला कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठा स्विच, ओढून करंट सोडायचा. गाडीशी बोलायला गनमध्ये, म्हणजे केबलचं जे टोक गाडीत लावतो त्यात, एक बारीक सिग्नलची वायर असते, गन मोकळी असली की त्यावर १२ व्होल्ट, गाडीला लावली की ९, आणि गाडी तयार झाली की ६. त्यामुळे लाल लाइट आली म्हणजे डबा मेला असं नाही, उलट बऱ्याचदा डबा त्याचं काम चोख करत असतो आणि तुम्हाला सांगत असतो की मागे काहीतरी चुकतंय.

तपासायला लागायच्या आधी एक बघा. जळका वास येतोय, प्लग किंवा गन हाताला चटका बसेल इतकी गरम आहे, सॉकेटवर काळपट डाग आहे, किंवा चार्जिंग चालू असताना गाडीच्या बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, यातलं एक जरी असलं तर पुढचं काही स्वतः करू नका. ॲपमधून किंवा गाडीतून चार्जिंग थांबवा, मग एमसीबी (चार्जरच्या लाइनचा ट्रिप होणारा स्विच) पाडा, मग गन काढा, याच क्रमाने, चालू लोडवर प्लग ओढला की ठिणगी उडते आणि पिना जळतात. झिणझिण्या येत असतील तर मात्र गाडीला हात न लावता सरळ एमसीबीच पाडा, गन नंतर काढता येईल. झिणझिण्या ही किरकोळ गोष्ट नाहीये, घरात लहान मुलं गाडीला टेकून उभी राहतात, तेव्हा प्लीज हे उद्यावर ढकलू नका.

असलं काही नसेल तर सगळ्यात सोप्यापासून सुरू करा. गाडीत चार्जिंगचं शेड्यूल लागलंय का, लिमिट ८० टक्क्यांवर ठेवलंय का आणि बॅटरी आधीच ८० ला आहे का, चार्जरच्या ॲपमध्ये लॉक झालाय का, आरएफआयडी कार्ड (डब्याला टेकवायचं कार्ड) मागतोय का हे बघा. राउटर बदलला की पण असं होतं, बरेचसे चार्जर फक्त २.४ गीगाहर्ट्झचं वायफाय पकडतात, आणि ॲपमध्ये ऑफलाइन दिसला की लोकांना वाटतं बंद पडला, प्रत्यक्षात कार्डाने किंवा नुसती गन लावून तो चालतो. मग चार्जरचा एमसीबी पाडून पाचेक मिनिटं थांबा आणि परत चढवा, लगेच नाही, आतले कपॅसिटर रिकामे व्हायला वेळ द्या. लाइट गेली-आली, व्होल्टेज हललं अशा वेळी चार्जर फॉल्ट पकडून बसतो आणि एवढ्याने सुटतो. उत्तरायणच्या दोन दिवसांत तर हे हमखास, तारांवर मांजा पडून लाइन ट्रिप होते, तेव्हा १४-१५ जानेवारीला चार्जर मध्येच थांबला तर घाबरून तक्रार करू नका, आधी रिसेट करा.

याने सुटलं नाही तर आता गाडी की चार्जर हे ठरवायचं. याला मीटर लागत नाही, इलेक्ट्रिशियन पण लागत नाही. गाडी दुसऱ्या एखाद्या टाइप २, म्हणजे तशाच गनच्या, एसी चार्जरवर लावून बघा, ऑफिसात असेल, मॉलच्या पार्किंगमध्ये असेल, सोसायटीत शेजाऱ्याकडे असेल. तिथे चार्ज झाली तर गाडी ठीक. तिथेही नाही झाली पण डीसी फास्ट चार्जरवर व्यवस्थित होते, तर संशय ऑनबोर्ड चार्जरवर, कारण डीसीमध्ये करंट ऑनबोर्ड चार्जरला बाजूला ठेवून सरळ बॅटरीकडे जातो, मग हे काम सर्व्हिस सेंटरचं, घरच्या डब्याला हात लावायची गरज नाही. आणि उलटं पण करा, दुसऱ्या कोणाची गाडी तुमच्या चार्जरला लावून बघा. या दोन गोष्टी केल्या की अर्धं कोडं सुटतं, आणि कंपनीच्या माणसाशी बोलताना तुमच्या हातात काहीतरी ठोस असतं.

गाडी ठीक निघाली की मग अर्थिंग, आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

वाडी, रावपुरा, दांडिया बाजार या भागातल्या जुन्या घरांमध्ये पूर्वी अर्थिंग नळाच्या लोखंडी पाइपला बांधलेलं असायचं. पुढे कधीतरी नळाची लाइन प्लास्टिकची झाली, पाइप बदलणाऱ्याने पाइप बदलला आणि अर्थिंग तिथेच संपलं, पण कोणाला कळलं नाही कारण फ्रिज चालतो, गिझर चालतो, टीव्ही चालतो, यातलं काहीच अर्थिंग तपासत नाही. ईव्ही चार्जर ही त्या घरात आलेली पहिली वस्तू असते जी अर्थिंग विचारते, आणि तो चालत नाही म्हणून खराब ठरवला जातो. नवीन सोसायट्यांमध्ये पिट, म्हणजे अर्थिंगचा खड्डा, असतो पण मीटर रूमपासून पार्किंगपर्यंत आलेली पट्टी कुठेतरी गंजून सुटलेली असते. मांजलपूरला एका घरी डबा बदलून झाला होता, नवीन डब्यावर तीच लाल लाइट, आणि बघितलं तर मीटर रूममधला अर्थचा नट हाताने फिरत होता. तो आवळला आणि चार्जर चालू झाला. आणि हा खर्च त्या लोकांनी खिशातून केला होता याचं मला खरंच वाईट वाटलं.

तपासायचं कसं, तर इलेक्ट्रिशियनला मल्टीमीटर घेऊन बोलवा, नुसता टेस्टर घेऊन आला तर परत पाठवा, टेस्टरचा दिवा पेटला म्हणजे फेज, म्हणजे करंट आणणारी वायर, आहे इतकंच कळतं. चार्जरची लाइन जिथून घेतलीय तिथे तीन रीडिंग घ्यायला सांगा. फेज-न्यूट्रल (न्यूट्रल म्हणजे करंट परत नेणारी वायर) साधारण २३० व्होल्टच्या आसपास. फेज-अर्थ जवळपास तेवढंच. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत असलेलं बरं, आणि हे रीडिंग रिकाम्या लाइनवर न घेता शक्य असेल तर एसी, गिझर चालू करून लोडवर पण घ्या. फेज-अर्थ १००, ६० असं काहीतरी तरंगतं दाखवलं तर अर्थिंग नाहीचे समजा. पण २३० दाखवलं म्हणून अर्थिंग चांगलं असंही नाही, मल्टीमीटर इतका कमी करंट घेतो की कमजोर अर्थिंगवर पण आकडा पूर्ण दिसतो, खरं माप अर्थ टेस्टरने किंवा लूप इम्पीडन्स टेस्टरनेच येतं. एवढं सामान प्रत्येक वायरमनकडे नसतं, लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरकडे असतं, आणि यासाठी त्याला पैसे द्यायला मागेपुढे बघू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. काही जण म्हणतात, "साहेब, चिंता ना करो, हुं सेट करी आपीश", म्हणजे मी जमवून देतो, आणि सॉकेटच्या आत न्यूट्रलमधून एक तुकडा काढून अर्थच्या पिनला जोडतात. चार्जरला वाटतं अर्थिंग आहे, हिरवी लाइट येते, सगळे खूश. हे कधीही, कोणालाही, करू देऊ नका. मागे कुठे न्यूट्रल तुटला तर त्या क्षणी तुमच्या गाडीची पूर्ण बॉडी फेजवर येते. न्यूट्रल-अर्थ लोडवर सुद्धा अगदी शून्य दाखवत असेल तर हेच केलंय का ते सॉकेट उघडून बघायला लावा.

पिट आहे पण रीडिंग खराब आहे, तर मे महिन्यात हे बघायला मिळतंच, पारा ४३-४४ ला गेला की जमीन कोरडी पडते आणि अर्थचा रेझिस्टन्स वाढतो. कोळसा-मिठाचा जुना पिट असेल तर पाणी घालायला सुरू करा, तेवढ्याने फरक पडतो का बघा, नाहीतर चार्जरसाठी वेगळा केमिकल अर्थिंगचा पिट घ्या आणि तांब्याची वायर थेट चार्जरपर्यंत आणा.

ट्रिप होण्याचं वेगळं. काय पडतंय ते बघा, एमसीबी की आरसीसीबी (करंट लीक झाला की पडणारा स्विच), दिसायला सारखे असतात पण आरसीसीबीवर टेस्टचं बटण असतं. एमसीबी लगेच पडला तर शॉर्ट, चढवत राहू नका. एमसीबी वीस-तीस मिनिटांनी पडतो तर तो गरम होऊन पडतोय, एक तर स्क्रू ढिला आहे किंवा एमसीबी कमी पडतोय. ७.४ किलोवॅटचा चार्जर तासन् तास ३२ अँपिअर ओढतो, त्यावर ३२ चाच एमसीबी लावला तर तो काठावर राहतो, आणि एमसीबीचं रेटिंग ३० डिग्रीला धरलेलं असतं, आपल्याकडे पश्चिमेच्या भिंतीवर पत्र्याच्या बॉक्समध्ये मे महिन्यात दुपारी काय तापमान असेल याचा विचार करा. ४० चा एमसीबी आणि ६ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर हा हिशोब ठीक बसतो, वायर जाड न करता नुसता एमसीबी मोठा करणं म्हणजे वायर जाळायची तयारी, तसं करू नका. फ्लॅटमध्ये मीटर रूमपासून पार्किंग ५० मीटर लांब असेल तर ६ च्या वायरमध्ये ३२ अँपिअरवर दहाएक व्होल्ट वाटेतच पडतात, संध्याकाळी आधीच व्होल्टेज कमी असलं की चार्जर लो व्होल्टेज दाखवून थांबतो, तिथे १० ची वायर घ्या किंवा ॲपमधून करंट १६ वर आणा, रात्रभर गाडी उभीच असते, सकाळपर्यंत पुरेसं होतं.

आरसीसीबी पडत असेल तर लीकेज आहे. गन गाडीत नसताना पण पडतो तर वायर किंवा डबा. गन गाडीत लावल्यावरच पडतो तर गनमध्ये ओल किंवा गाडीकडचं काही. गन कोरडी करा, टोपी लावून हूकवर उलटी लटकवत जा, जमिनीवर टाकू नका. आणि आरसीसीबी कोणता आहे ते वाचा, घरात साधारण एसी टाइपचा असतो आणि त्याला गाडीतून येणारं डीसी लीकेज समजत नाही, उलट ते डीसी त्याला आंधळं करतं आणि खऱ्या वेळी तो पडतच नाही. ईव्हीच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा ए टाइप पाहिजे, तो पण चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअरचं डीसी डिटेक्शन असेल तरच, नाहीतर बी टाइप. बी टाइप महाग आहे, पण जीवापेक्षा नाही. सतत पडतो म्हणून आरसीसीबी बायपास करून देणारा माणूस भेटला तर त्याला परत घरात घेऊ नका.

पोर्टेबल चार्जर वापरणाऱ्यांसाठी, म्हणजे ३.३ किलोवॅटवाला जो १६ अँपिअरच्या सॉकेटला लावतात. तो साडेचौदा अँपिअरच्या आसपास ओढतो आणि सात-आठ तास ओढत राहतो, घरातलं दुसरं काहीही असं चालत नाही, गिझर पण दहा मिनिटांत कट होतो. म्हणून जुना सॉकेट वितळतो. चार्जिंग सुरू करून अर्ध्या तासाने प्लगला हात लावा, कोमट चालेल, गरम नको. गरम असेल तर सॉकेट बदला, पिना काळ्या झाल्या असतील तर फक्त सॉकेट बदलून उपयोग नाही, जळका प्लग नवीन सॉकेट पण जाळतो. निळा इंडस्ट्रियल सॉकेट लावता आला तर उत्तम, पण मग कॉर्ड कापू नका, कंपनीला विचारा. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नाही, आणि हा पॉइंट इन्व्हर्टरच्या लाइनवर येत नाही ना ते पण बघून घ्या.

गाडी जोडलीच जात नाही असं दाखवत असेल तर गनमध्ये टॉर्च मारा, पिन मागे सरकलीय का, माती आहे का. केबल ओढून ओढून गनच्या गळ्याशी ती बारीक सिग्नलची वायर आतून तुटते, गळ्याशी थोडं हलवल्यावर कधी पकडते कधी नाही तर हेच. केबलवर रोज टायर जात असेल तरी हेच. पार्किंगमध्ये उंदीर असतील तर पूर्ण केबल हाताने नाही, नजरेने तपासा, कुरतडलेली जागा दिसली की एमसीबी पाडल्याशिवाय जवळ जाऊ नका. गन गाडीत अडकली तर ओढाताण करू नका, गाडी दोन-तीनदा लॉक-अनलॉक करा, तरी नाही सुटली तर बहुतेक गाड्यांत हाताने सोडायची दोरी किंवा खटका असतो, कुठे ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, आधीच बघून ठेवा.

पावसाळ्याचं आपल्याला वेगळं सांगायला नको. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर गेली होती, पार्किंगमधल्या गाड्या, मीटर, सगळं पाण्यात होतं. डब्यावर आयपी ६५ लिहिलंय म्हणजे पाण्याचा फवारा चालतो, बुडणं चालत नाही. चार्जर पाण्याखाली गेला असेल तर वरून कोरडा दिसला तरी चालू करायचा नाही, मागच्या पाइपमध्ये आणि बॉक्समध्ये चिखलाचं पाणी राहतं. आधी लाइन ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे वायरचं इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने, तपासून घ्या, किमान १ मेगाओहम तरी आला पाहिजे, आणि मेगर मारायच्या आधी चार्जर लाइनवरून सोडवायला सांगा नाहीतर ते ५०० व्होल्ट आतलं इलेक्ट्रॉनिक्स मारतील. नदीकाठच्या भागात नवीन बसवताना मागच्या पुराची खूण भिंतीवर कुठे आहे ती बघून त्याच्या वर लावा, गन हाताला पोचेल इतपत. पाणी चढायला लागलं आणि मेन स्विचपर्यंत कोरड्या पायाने जाता येत नसेल तर जाऊ नका, जीईबीला, म्हणजे वीज कंपनीला, फोन करून लाइन बंद करायला सांगा.

जीईबी म्हणजे आता एमजीव्हीसीएल, पण आपण सगळे जीईबीच म्हणतो. त्यांना कधी बोलवायचं, तर घरातले दिवे कधी भडक कधी मंद होत असतील, किंवा थ्री-फेज घरात एका फेजवर २८०-३०० आणि दुसऱ्यावर १५० असं दिसत असेल, तर न्यूट्रल सुटलाय, मेन पाडा आणि लगेच बिलावरच्या नंबरवर तक्रार टाका, ग्राहक नंबर हाताशी ठेवा, तक्रारीचा नंबर लिहून घ्या. हा बिघाड चार्जरचा नाही पण चार्जरसकट सगळं घर जाळू शकतो. दुपारी बारा-एकलाच हाय व्होल्टेज येतं आणि संध्याकाळी सगळं नॉर्मल, तर आजूबाजूच्या गच्चीवरच्या सोलरमुळे व्होल्टेज चढत असेल, रीडिंगचे फोटो वेळेसकट काढून द्या आणि तोवर रात्री चार्ज करा. मंजूर लोड पण बिलावर बघा, ७.४ चा चार्जर आणि दोन एसी जुन्या लोडवर चालवून मेन पडत असेल तर लोड वाढवून घ्या. ईव्हीसाठी वेगळं कनेक्शन मागता येतं, वीज ग्राहक हक्कांच्या नियमात फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती झाली तेव्हा ते स्पष्ट आलंय, सोसायटीत चेअरमन नाही म्हणत असतील तर हे दाखवा.

एवढं सगळं बघून डबाच खराब निघाला, तर तो उघडू नका, सील तुटलं की वॉरंटीचा विषय संपला. लाइट कशी आणि किती वेळा लुकलुकते त्याचा व्हिडिओ, ॲपमधला एरर कोड, सीरियल नंबर, बसवल्याचं बिल, तीन रीडिंगचे मीटरसकट फोटो, दुसऱ्या चार्जरवर गाडी चार्ज होतेय त्याचा फोटो, हे सगळं ईमेलने पाठवा, फोनवरचं बोलणं नंतर कोणालाच आठवत नाही. टेक्निशियन आला आणि "अर्थिंग तुमचं खराब" म्हणाला तर किती व्होल्ट ते जॉब शीटवर लिहून मागा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग आहेच, तिथे हेच कागद कामाला येतात.

दुरुस्त झाल्यावर इलेक्ट्रिशियनला लगेच जाऊ देऊ नका. पूर्ण करंटवर तासभर चालवा, मग तीन रीडिंग परत घ्या, एमसीबीचे स्क्रू लाइन बंद करून परत आवळायला सांगा, आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबून तो खरंच पडतो का बघा आणि ते बटण महिन्या-दोन महिन्यांनी तुम्ही स्वतः दाबत जा. रीडिंग तारखेसकट कागदावर लिहून डीबीच्या (एमसीबींच्या बॉक्सच्या) दाराच्या आतून चिकटवा, म्हणजे पुढच्या मे महिन्यात न्यूट्रल-अर्थ चढलं तर कशाशी ताडून बघायचं ते येणाऱ्या माणसाला तिथेच मिळेल.